आवृत्ती नाही, प्रत सांगा

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका प्रश्नासरशी आडवं झालं. प्रश्न होता, "हे कुठल्या प्रतीवरून लिहिलंय?" मी छातीठोकपणे सांगितलं, "पहिल्या जर्मन आवृत्तीवरून." मार्गदर्शक बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आवृत्ती नाही विचारली. प्रत विचारली."

दीड वर्ष मी शोपँ या पियानोच्या संगीतकारावर काम करत होते अशी माझी समजूत होती. त्यातला निम्मा भाग शोपँबद्दल नव्हताच. तो लाइपझिगच्या कुणा निनावी संपादकाबद्दल होता, आणि त्या माणसाने ते काम केलं तेव्हा शोपँ जिवंतही नव्हता.

यात जास्त लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे माझे वडील मुद्रितशोधक. पुण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रुफं वाचली. घरात नवं पुस्तक आलं की आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघायची: पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कितवं, मुद्रक कोण. पानावर बसण्याआधी हात धुवावेत इतकं ते आम्हा बहिणींच्या अंगवळणी पडलेलं. आणि तरीही स्टाफ नोटेशनच्या (पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या) वर 'पहिली आवृत्ती' हे शब्द दिसले की माझी अक्कल गहाण पडायची.

पियानोची आठवी ग्रेड झालीय, आता जुन्या छापील आवृत्त्यांची तुलना असा काहीतरी विषय घेऊन पुढे शिकायचंय, असं म्हणणारी मुलं-मुली अधूनमधून भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. स्लर (स्वर जोडून वाजवायची कमान) काय, उर्टेक्स्ट (मूळ साधनांवरून केलेली आवृत्ती) काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. सांगायचंय ते त्या एका खड्ड्याबद्दल. तो नीट दाखवला तर तुम्ही निदान दुसऱ्या कुठल्या तरी खड्ड्यात पडाल.

एक शोपँ, तीन शहरं

शोपँ 1831 मध्ये पॅरिसला आला. पुढच्या काळातलं त्याचं बरंचसं संगीत जवळपास एकाच सुमारास तीन ठिकाणी छापलं गेलं: पॅरिसला बहुतेकदा श्लेसिंगर, लाइपझिगला बहुतेकदा ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल आणि लंडनला वेसेल. कारण निव्वळ व्यवहाराचं. सगळ्या देशांना बांधणारा कॉपीराइट तेव्हा नव्हता. एका देशात छापलं की शेजारचा प्रकाशक ते फुकटात उचलायला मोकळा. म्हणून तिन्हीकडे हक्क विकायचे आणि तिन्हीकडे साधारण एकदमच बाहेर काढायचं. (वेसेल नॉक्टर्न्सना 'सेन नदीची कुजबुज' छापाची नावं चिकटवून विकायचा आणि शोपँचं डोकं फिरायचं. मला मात्र तो माणूस आवडतो. धंदा कळत होता त्याला.)

तिघांकडे जाणारा मजकूर एकसारखा असायचाच असं नाही. एकाकडे स्वतःच्या हातचं हस्तलिखित, दुसऱ्याकडे मित्र फोंतानाने उतरवून काढलेली नक्कल, तिसऱ्याकडे पॅरिसच्या प्रुफांचा संच. ओपस 28 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) ची प्रिल्यूड्स, म्हणजे छोट्या रचना घ्या. 1839 मध्ये पॅरिसच्या कातलाँ या प्रकाशकाला हस्तलिखित मिळालं, लाइपझिगला फोंतानाची नक्कल गेली. अर्पणपत्रिकासुद्धा वेगळ्या: पॅरिस आणि लंडनच्या छापात काम्यी प्लेएल, लाइपझिगच्या छापात केसलर. त्यात शोपँला प्रुफं वाचायचा कंटाळा. वाचायला बसलाच तर चुका सुधारता सुधारता नवं काहीतरी सुचायचं. पॅरिसच्या प्रुफावर केलेला असा बदल लाइपझिगला पोचलाच नाही, असंही व्हायचं.

म्हणजे पहिल्या आवृत्त्या तीन, आणि तिन्ही अस्सल. इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळतं. इथपर्यंत मलाही येत होतं.

खड्डा

मी निवडल्या होत्या 1830 च्या दशकातल्या काही मॅझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या घाटातल्या रचना. ओपस नंबर सांगत नाही, जखम अजून ओली आहे. पॅरिसच्या छापाचा एक चांगला स्कॅन होता. लाइपझिगच्या छापाचे दोन होते, दोन वेगळ्या ग्रंथालयांतले. पहिला धुरकट, शिवणीकडचे बार (तालाचे कप्पे) आत वळलेले, दोन पानं गायब. दुसरा काचेसारखा स्वच्छ. दोन्हींवर शीर्षक तेच, प्रकाशक तोच, प्रत्येक पानाच्या तळाशी प्लेट नंबरही (ज्या धातूच्या पत्र्यांवरून छापलं त्यांचा क्रमांक) तोच. मी काय केलं? जिथे पहिला वाचता येत नव्हता तिथे दुसऱ्याची पानं घातली. एक छान, सलग, वाचनीय 'पहिली जर्मन आवृत्ती' तयार झाली. अशी आवृत्ती पृथ्वीच्या पाठीवर कधी छापलीच गेली नव्हती.

त्यावरून पॅरिसशी ताडून पाहिलं तर अकरा जागी असे फरक निघाले की मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. तुटक स्लर जोडलेले. एक फ्रेज दुसऱ्यांदा येते तेव्हा पॅरिसमध्ये कॉर्डमधला एक स्वर कमी, लाइपझिगमध्ये दोन्हीकडे सारखा. मी चाळीस पानं लिहिली. 'शोपँचा दुसरा विचार' असं मथळ्यातच ठोकून दिलं.

अकराच्या अकरा फरक दुसऱ्या स्कॅनच्या पानांवर होते. पहिल्याच्या पानांवर एकही नाही. हे मला दिसलं नाही, कारण कुठलं पान कुठल्या स्कॅनमधून घेतलं याची नोंदच मी ठेवली नव्हती.

झालं होतं ते असं. ब्राइटकॉप्फने पुढे शोपँच्या कितीतरी रचना नव्याने कोरून घेतल्या. कोरताना घरच्या संपादकाने 'सुधारणा' केल्या. संपादकांना समान जागा समान दिसल्या की बरं वाटतं. शोपँला तेच नको असायचं, दुसऱ्या वेळी तो मुद्दाम काहीतरी हलवून ठेवायचा. आणि नव्या प्लेट्सवर नंबर मात्र जुनाच टाकला. का नाही टाकणार? प्लेट नंबर म्हणजे गोदामाचा नंबर. कुठल्या रचनेच्या प्लेट्स कुठल्या फळीवर, एवढंच तो सांगतो. आत काय बदललं हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकलेली नाही, ती आपण टाकतो.

हे पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाचा. प्लेट नंबर तोच म्हणजे मजकूर तोच, असं नाही. शीर्षकपान तेच म्हणजे आतली पानं त्याच वेळची, असंही नाही. आणि शीर्षकपान बदललं म्हणजे आतलं बदललं, हेही नाही. शीर्षकपान ही वेगळी प्लेट असते. ती एकटी बदलता येते, तशीच ठेवून आतल्या तीनच प्लेट्स बदलता येतात, सगळ्या बदलता येतात. त्या काळच्या नोटेशनवर साल सहसा छापलेलं नसतं, त्यामुळे तिथूनही मदत नाही.

माझ्या बाबतीत सुटकेचा दोर समोरच लोंबत होता. पहिल्या स्कॅनच्या शीर्षकपानावर किंमत होती ग्रोशनमध्ये. दुसऱ्याच्या शीर्षकपानावर 'एनजीआर', म्हणजे नॉयग्रोशन. सॅक्सनीने हे चलन आणलं 1841 मध्ये. त्याआधी थेलरचे 24 ग्रोशन व्हायचे, नंतर 30 नॉयग्रोशन. लाइपझिग सॅक्सनीत. म्हणजे माझी स्वच्छ, सुंदर 'पहिली आवृत्ती' 1841 च्या आधी छापली जाणंच शक्य नव्हतं, आणि मॅझुर्का तर त्याच्या कितीतरी आधीच्या. किंमत मार्कमध्ये असेल तर तुम्ही थेट 1870 च्या दशकात किंवा त्याही पुढे आहात. पॅरिसकडेही असंच. श्लेसिंगरचा व्यवसाय 1846 मध्ये ब्रांद्यूकडे गेला. शीर्षकपानावर ब्रांद्यू आणि पानांच्या तळाशी श्लेसिंगरची 'एम. एस.' ही अक्षरं असतील तर प्लेट जुनी आणि छपाई नंतरची.

किंमत बदलली म्हणून संगीत बदललंच असेल असं मात्र समजू नका. ती फक्त 'थांब, बघ' एवढं सांगते. मी थांबले नाही.

पट्टी

मग बघायचं कसं? सॉफ्टवेअर आहे ना, दोन स्कॅन एकमेकांवर टाकू, फरक लाल रंगात दिसतील, असं प्रत्येक नवा माणूस म्हणतो. मीही म्हटलं होतं. दोन आठवडे त्यात घातले आणि सगळं पान लाल झालं. छापताना कागद ओलसर असायचा, वाळताना आक्रसायचा, आणि प्रत्येक ताव सारखाच आक्रसत नाही. एकाच प्लेटवरून निघालेल्या दोन पानांचं मापही तंतोतंत जुळत नाही. वर बांधणीचा बाक, स्कॅनचा तिरपेपणा. नोटेशन वाचणाऱ्या प्रोग्रॅम्सबद्दल तर बोलायलाच नको. झिजलेल्या छपाईतला नॅचरल (शुद्ध स्वराची खूण) त्यांना शार्प (तीव्र स्वराची खूण) दिसतो.

पट्टी घ्या. साधी, प्लास्टिकची, कंपासपेटीतली. एका प्रतीत वरच्या ओळीतल्या एखाद्या स्वराच्या दांडीवर उभी धरा आणि तीच रेघ खाली कुठे कुठे लागते ते टिपा: खालच्या ओळीत स्लरच्या टोकाला, त्याखाली पेडलच्या खुणेच्या मधोमध. मग दुसऱ्या प्रतीत तेच करा. प्लेट एकच असेल तर रेघ त्याच जागांना लागेल, कागद आक्रसला असला तरी. पुन्हा कोरलेली असेल तर कितीही हुबेहूब नक्कल असो, दोन-तीन जागी रेघ चुकतेच. पानाला तीन रेघा पुरतात. त्या अकरा जागांचा निकाल मी शेवटी असा एका दुपारीत लावला. दीड वर्ष आणि एक दुपार.

प्लेट एकच निघाली तरी काम संपत नाही, कारण ती दुरुस्त करता येते. या प्लेट्स शिसं-कथलाच्या मऊ मिश्रधातूच्या. स्वरांची डोकी, क्लेफ, अक्षरं यांचे पंच असायचे, ते हातोडीने ठोकायचे. स्लर आणि दांड्या कोरायच्या. सगळं उलटं, आरशातल्यासारखं. चूक सापडली की प्लेट पालथी करायची, मागून बरोबर त्या जागी ठोकून खळगा वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि पुन्हा पंच मारायचा. त्यामुळे त्याच प्लेटवरून आधी निघालेल्या प्रती चुकीच्या आणि नंतरच्या सुधारलेल्या. दोन्ही 'पहिली आवृत्ती' म्हणूनच विकल्या गेल्या, दोन्ही आज कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात आहेत. दुरुस्तीची जागा ओळखायला शिका. आडव्या रेषा तिथे किंचित पुसट होतात किंवा जरा ठळक, एखादा स्वर दाटीवाटीने बसलेला दिसतो, कधी जुन्या स्वराची सावली मागे राहते. मला पहिली सावली दिसली तेव्हा मी स्क्रीनवर बोट ठेवून बसले होते. कुणीतरी 180 वर्षांपूर्वी खोडलेलं मला वाचता येत होतं.

काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर मात्र हे काहीच दिसत नाही. ग्रे किंवा रंगीत स्कॅन मागा. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिलची खूण आणि छापील खूण एकच होऊन जाते, आणि माशीने कागदावर सोडलेला ठिपका स्टॅकाटो (स्वर तुटक वाजवायची खूण) होऊन बसतो. हसू नका. तळटीप लिहिलीय मी त्यावर.

घाबरू नका, तेरा बार आहेत

एवढं वाचून पुस्तक मिटावंसं वाटत असेल तर चूक माझी आहे. हे काम अवघड नाही, चिकट आहे. त्याला तल्लख कान लागत नाही. जर्मन पाचशे शब्दांपुरतं आलं तरी चालतं. विद्वत्ता तर मुळीच लागत नाही, उलट आड येते.

सुरुवात ओपस 28 च्या विसाव्या प्रिल्यूडपासून करा. सी मायनर, सगळे मिळून 13 बार. पहिल्या आवृत्त्या आणि हस्तलिखित यांचे स्कॅन घरबसल्या मिळतात. तिसऱ्या बारमधला शेवटचा कॉर्ड बघा. त्या बारमध्ये आधी ई नॅचरल येऊन गेलाय, त्यामुळे शेवटच्या कॉर्डमध्ये फ्लॅट (कोमल स्वराची खूण) पुन्हा लिहिला नाही तर तिथेही नॅचरल वाजणार, म्हणजे सी मेजर. हस्तलिखितात आणि सुरुवातीच्या छपाईत फ्लॅट नाही. शोपँच्या एका विद्यार्थिनीच्या छापील प्रतीत मात्र तिथे पेन्सिलीने फ्लॅट घातलेला आहे. म्हणजे शोपँ लिहायला विसरला आणि शिकवताना लक्षात आलं? की आधी मेजरच हवा होता आणि नंतर मन बदललं? दोन्ही बाजूंनी वाजवणारे आहेत.

तुम्ही फक्त एवढं बघा: हा फ्लॅट कुठून आला? पहिल्या छपाईतून नाही. एका प्रतीतून. एका मुलीच्या पियानोवर उघडून ठेवलेल्या, कडा मळलेल्या प्रतीतून.

तक्ता कसा करायचा हे मी परदेशात शिकले नाही, पुण्यात शिकले, तेही चुकून. सुट्टीत घरी आले होते, रडकुंडीला आलेली. वडील म्हणाले, भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सित आवृत्तीचं काम कसं केलं ते बघ. सुखठणकर 1925 पासून त्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक होते आणि सगळी पर्वं बाहेर पडायला 1966 उजाडलं. तिथल्या पाठमेळाच्या कागदांची पद्धत अशी की वर एका ठरावीक छापील पाठातला श्लोक, आणि खाली प्रत्येक पोथीचा पाठ अक्षराखाली अक्षर. पोथीचं नाव डावीकडे, आधी. कुठल्या पोथीत काय आहे ते आधी उतरवायचं, बरोबर-चूक नंतर. पाठभेद हा शब्द आपल्याकडे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतो, आणि मी तीच गोष्ट दीड वर्ष जर्मनमध्ये शोधत होते.

तेव्हापासून माझा तक्ता असा: डावीकडे प्रत, म्हणजे शहर, ग्रंथालय, दाखलांक, शीर्षकपानावरची किंमत, पत्ता. मग बार, हात, ठोका. मग जे दिसतं ते. 'चूक', 'सुधारणा', 'बदल' हे शब्द तक्त्यात बंद. त्यांना शेवटच्या रकान्यात जागा आहे, तीही पेन्सिलने. बाबांकडून घेतलेली आणखी एक युक्ती: शेवटच्या बारपासून उलटं या. सरळ वाचलं की कान पुढचं आपोआप भरून काढतो आणि डोळा झोपतो. काही मुद्रितशोधक म्हणूनच कधीकधी शब्द उलट्या क्रमाने वाचतात.

चुका मोजू नका, चुकांना बोलतं करा

नवी माणसं येतात आणि सांगतात, "मला 140 फरक सापडले." बरं. मग? त्यातले 130 कोरणाऱ्याच्या हाताचे असतील.

वर्गात दोन मुलांची उत्तरं बरोबर आली म्हणून मास्तर कुणाला कॉपी करताना धरत नाहीत. दोघांचं एकच विचित्र चुकीचं उत्तर आलं की धरतात. इथे अगदी तेच. लंडनच्या छापात पॅरिसची एखादी खुळचट चूक जशीच्या तशी दिसली की लंडनवाल्यासमोर पॅरिसचे कागद होते हे कळतं, आणि मग त्या जागी लंडनची साक्ष वेगळी धरायची नाही. दोन साक्षीदार नव्हेत, एकाचंच म्हणणं दोनदा ऐकलं. जुळणारे बरोबर पाठ काहीच सिद्ध करत नाहीत. हा भाग मला फार आवडतो आणि तो शिकवताना मी फार बोलते, म्हणून इथेच थांबते.

'आधीचं ते खरं' हा भ्रमही लवकर सोडा. बेथोव्हनच्या ओपस 31 मधले पहिले दोन सोनाटा झुरिकच्या नेगेली या प्रकाशकाने 1803 मध्ये छापले. नवा छाप हातात आला तेव्हा शिष्य रीस तो वाजवून दाखवत होता. जी मेजर सोनाटाच्या पहिल्या भागात, शेवटाजवळ, नेगेलीने स्वतःच्या पदरचे चार बार घातले होते. संगीताचा तोल सुधारावा म्हणून! बेथोव्हन उसळून उठला, रीसला पियानोवरून जवळजवळ ढकललंच, आणि हे कुठे लिहिलंय म्हणून ओरडला. मग बॉनच्या झिमरॉककडून नवा छाप निघाला, त्यावर फ्रेंचमध्ये ठसठशीत छापलेलं: 'अत्यंत अचूक आवृत्ती'. इथे दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा भरवशाची.

याच्या उलट मोत्झार्ट. के. 332 या सोनाटाच्या अडाजिओत, म्हणजे संथ भागात, सुरुवातीचा भाग परत येतो तेव्हा हस्तलिखितात तो साधाच आहे. व्हिएन्नाच्या आर्तारियाने 1784 मध्ये छापला त्यात तोच भाग नखशिखान्त नटलेला. हा कुणा कोरणाऱ्याचा उद्योग असेल असं वाटत नाही, इतकी कलाकुसर मोत्झार्टच करू जाणे. इथे हस्तलिखित धरून बसलात तर सुंदर पान गमावलंत. नियम नाही. नियम देणारा मार्गदर्शक मिळाला तर चहा प्या आणि निघा.

मार्गदर्शकांवरून आठवलं. मला दोन प्रकारचे भेटले. एक म्हणतात, निळ्या कव्हरची हेन्ले प्रकाशनाची उर्टेक्स्ट घे आणि वाजव, एवढं खणायचं कशाला. त्यांना वाजवायचं असतं, त्यांचं चूक नाही, पण त्यांच्याकडे हा विषय घेऊन जाऊ नका. दुसरे म्हणतात, आधी चिकित्सित आवृत्तीच्या मागच्या टिपा वाच, मग स्कॅन उघड. मला हे अजिबात पटत नाही. टिपा आधी वाचल्या की टिपेत जे आहे तेवढंच दिसतं. आधी आपण बघायचं, नंतर टिपा, आणि टिपेत काहीतरी असं निघतं जे आपल्याला दिसलं नव्हतं, तेव्हा थोडं खजील व्हायचं. मी स्वतः हे दर वेळी पाळते का? नाही. परवाच थकले होते, आधी टिपा वाचल्या.

खरी मदत ग्रंथपालांकडून झाली. सरळ पत्र लिहा: तुमच्या दाखलांकाच्या प्रतीचं शीर्षकपान, पहिलं पान आणि शेवटचं पान यांचे रंगीत फोटो मिळतील का, प्रत एकाच बांधणीतली आहे की दोन प्रती एकत्र बांधल्यात. मला नकार फार थोडे आले. एका ग्रंथपाल बाईंनी तर न विचारता पानावर उजेड तिरपा पाडून फोटो काढून पाठवला. त्यात खोडलेला स्वर दिसत होता. आयएमएसएलपीवर (नोटेशनच्या ऑनलाइन ग्रंथालयावर) 2006 पासून अमाप साठा आहे, मीही रोज वापरते, पण तिथली 'पहिली आवृत्ती' ही पाटी कुणा स्वयंसेवकाने भल्या मनाने लावलेली असते. पाटी म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको.

यातून पोट भरतं का, हा प्रश्न टाळता येणार नाही. नुसत्या यातून, नाही. मी संध्याकाळी पियानो शिकवते, सकाळी संपादनाची कंत्राटी कामं करते, आणि दोन्हींत एखादा महिना कोरडा जातो. ज्यांना घरी पैसे पाठवायचेत त्यांनी हा विषय जोडीला ठेवा, मुख्य नको. तिसरं प्रकरण शेवटी मी पुन्हा लिहिलं. चाळीस पानांची नऊ झाली आणि ती नऊ कुणी पाडू शकलं नाही.

गेल्या आठवड्यात बारा वर्षांची एक विद्यार्थिनी दोन पुस्तकं घेऊन आली. दोन्हींत बाखचं सी मेजरमधलं पहिलं प्रिल्यूड. एक आजीकडचं जुनं, चेर्नीने संपादित केलेल्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, दुसरं नवं. "मॅडम, यात 35 बार आहेत आणि यात 36." तो जास्तीचा बार बाखचा नाही. तो हॅम्बुर्गच्या श्वेंकेच्या नकलेतून छापात शिरला, चेर्नीच्या आवृत्तीत बसला आणि गुनोच्या 'आवे मारिया'त जाऊन जगभरच्या चर्चमधून वाजला. तिच्या भावाच्या गोव्यातल्या लग्नातही वाजला होता, ती तिथे होती. हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं आणि म्हटलं, आजीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघड.

तिने उघडलं, मागे बघितलं, पुढे बघितलं, कव्हर उलटं करून बघितलं.

"यात साल कुठेच नाहीये."

मी तिला कंपासपेटीतली पट्टी काढायला सांगितली.